लिनक्सवर पीसीएसएक्स२: एम्युलेटर भक्कम, अडतं ते त्याच्या आजूबाजूला

प्लेस्टेशन २ चे खेळ लिनक्सवर खेळायचे असतील तर कामाचा पर्याय एकच आहे, पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. मुक्त स्रोत, फुकट, आणि २००२ पासून सतत घडत आलेला. मे २०२० मधली १.६ आणि जुलै २०२४ मधली २.० या दोन आवृत्त्यांमध्ये तो इतका बदलला की नाव सोडलं तर जुन्याशी फारसं नातं राहिलेलं नाही. लिनक्ससाठीची १.६ बत्तीस बिटची होती. ग्राफिक्स, आवाज, कंट्रोलर यांचे प्लगिन वेगवेगळे होते आणि एक नीट बसला की दुसरा रुसायचा. २.० पासून सगळं एकाच चौसष्ट बिटच्या प्रोग्रॅममध्ये आलं, दर्शनी भाग क्यूटी या साधनसंचावर गेला आणि व्हल्कन रेंडरर, म्हणजे व्हल्कन या नव्या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाकडून चित्र रंगवून घेणारा भाग, मिळाला.

एम्युलेटर म्हणून दहापैकी नऊ गुण द्यायला हात आखडत नाही. लिनक्सवर बसवण्याच्या सोयीला मात्र सहाच. खेळ चालला नाही की लोक आधी एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शिरतात आणि दिसेल ते बटण फिरवतात. खरं दुखणं बहुतेक वेळा पॅकेज, ड्रायव्हर, परवानगी किंवा डिस्कची प्रत यांपैकी एका ठिकाणी असतं. मूळ सेटिंग विचारपूर्वक ठेवलेली आहेत, त्यांना शेवटपर्यंत हात न लावणं हाच सगळ्यात जवळचा रस्ता. शिवाय प्लगिन बदला, स्पीडहॅक (अचूकता सोडून वेग वाढवणारी सेटिंग) वाढवा अशा धर्तीचा जो सल्ला नेटवर पडलेला आहे तो १.६ च्या काळातला आहे. तो २.० ला लावला तर चालणारा खेळही बिघडतो.

पॅकेजपासून सुरुवात करू. प्रकल्पाकडून लिनक्ससाठी अ‍ॅपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी एकच फाइल, मिळते आणि फ्लॅटहब या भांडारात फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर बसणारं पॅकेज, आहे. या दोनांतलंच एक घ्या. डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या (उबुंटू वगैरे) स्वतःच्या भांडारातली प्रत बरेचदा जुनी असते आणि तिच्यातल्या बिघाडाला मूळ प्रकल्प दाद देत नाही. अ‍ॅपइमेजवर डबल क्लिक करून काहीच झालं नाही तर आधी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एक्झिक्युटेबल’ची खूण आहे का ते बघा. ती असूनही हालचाल नसेल तर फाइल टर्मिनलमधून चालवा. फ्यूजची (फाइलीच्या आतला मजकूर फोल्डरसारखा उघडून देणारी सोय) तक्रार दिसली तर कारण सरळ आहे: अ‍ॅपइमेजला फ्यूजची दुसरी आवृत्ती लागते आणि उबुंटूने २२.०४ पासून ती आपोआप देणं बंद केलं. २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज टाकायचं. २४.०४ वर त्याच पॅकेजच्या नावाला शेवटी ‘टी६४’ लागलं आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधणारा गोंधळतो.

फ्लॅटपॅकची अडचण वेगळी आहे. ते आपल्या कुंपणात राहतं, आणि परवानगी नसलेला फोल्डर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचे खेळ यादीत येत नसतील तर फ्लॅटसील हा परवानग्या देणारा प्रोग्रॅम उघडून तो फोल्डर जोडा. अ‍ॅपइमेज सगळी माहिती होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात, पीसीएसएक्स२ नावाखाली ठेवते. फ्लॅटपॅक हीच माहिती ‘व्हार’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, ‘अ‍ॅप’च्या आत ठेवतं. एकावरून दुसऱ्यावर गेल्यावर ‘सगळे सेव्ह गेले’ अशी जी ओरड होते तिचं कारण हेच. सेव्ह जागच्या जागी असतात, नवा प्रोग्रॅम फक्त दुसऱ्या कपाटात बघत असतो. ‘मेमकार्ड्स’ फोल्डर इकडून तिकडे कॉपी केला की झालं.

बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा तिच्यातला मूळ प्रोग्रॅम. ती एम्युलेटरसोबत येत नाही, यायलाही नको, कारण ती सोनीच्या मालकीची आहे. स्वतःच्या मशीनमधून ‘बायोसड्रेन’ या छोट्या प्रोग्रॅमने ती काढता येते. प्रोग्रॅम चालवायला फ्री एमसीबूट (मशीनवर बाहेरचे प्रोग्रॅम चालू देणारी सोय) टाकलेलं मेमरी कार्ड आणि फॅट३२ केलेला पेन ड्राइव्ह लागतो. मशीनचा यूएसबी १.१ असल्याने काम सावकाश होतं, घाईने पेन ड्राइव्ह ओढू नका. शेवटच्या ९०००० मालिकेतल्या, नवी बायोस असलेल्या बारीक मशीनवर फ्री एमसीबूट चालत नाही, तिथे तशाच कामाचं ओपनट्यूना वापरा. मुख्य फाइल ४ एमबीची, म्हणजे ४१,९४,३०४ बाइटची भरली पाहिजे. आकार याहून कमी असेल तर प्रत अर्धवट निघाली आहे. फाइल झिपमधून बाहेर काढूनच ‘बायोस’ फोल्डरात ठेवा.

आता डिस्क. पीएस२ च्या डिस्क दोन जातींच्या आहेत, तळ निळसर असेल तर सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. डीव्हीडीची प्रत काढायला लिनक्सवर वेगळं काही बसवावं लागत नाही. ‘डीडी’ कमांडला इनपुट म्हणून ड्राइव्ह आणि ब्लॉक साइझ २०४८ दिली की आयएसओ तयार. चरे पडलेल्या डिस्कवर डीडी मध्येच थांबते. तिथे ‘डीडीरेस्क्यू’ घ्या: पहिली फेरी न खरवडता, म्हणजे ‘नो स्क्रेप’ पर्यायाने, आणि नंतर तीच मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवून वाईट जागांवर तीन वेळा पुन्हा प्रयत्न. सीडीला डीडी लावू नका. डीडी फक्त २०४८ बाइटचा माहितीचा भाग उचलते, सीडीचा पूर्ण सेक्टर २३५२ बाइटचा असतो आणि काही सीडींवर गाण्यांचे ट्रॅकही असतात. त्यासाठी ‘सीडीआरडीएओ’ने कच्चं वाचन करून बिन आणि क्यू अशी जोडी तयार करा.

प्रत काढल्यावर खेळ लगेच चालू करू नका, ती आधी तपासा. यादीतल्या खेळावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, समरी, आणि तिथे ‘व्हेरिफाय’. एम्युलेटर पूर्ण प्रतीचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून रीडंप या अस्सल डिस्कच्या नोंदसंग्रहाशी ताडून बघतो. या एका बटणासाठी २.० चं मनापासून कौतुक करावंसं वाटतं. खेळ तिसऱ्या लेव्हलला नेमका गोठतो, कटसीनमध्ये आवाज तुटतो अशा तक्रारींमागे खराब प्रत असल्याचं इथे दोन मिनिटांत कळतं. एके काळी बाजारात सर्रास मिळणाऱ्या कॉपी डिस्क या तपासणीत सहसा उतरत नाहीत, कारण जागा वाचवायला त्यांतले व्हिडिओ कापलेले किंवा फाइली पुन्हा रचलेल्या असतात. तशा प्रतीवर सेटिंग बदलत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

जागा वाचवायची तर प्रतीची सीएचडी, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, करा. त्यासाठीचा ‘सीएचडीमॅन’ उबुंटूत ‘मेम-टूल्स’ पॅकेजमध्ये मिळतो. डीव्हीडीच्या आयएसओला ‘क्रिएटडीव्हीडी’ आणि सीडीच्या क्यू फाइलला ‘क्रिएटसीडी’ हा फरक सांभाळा. आणि ४ जीबीहून मोठी आयएसओ फॅट३२ च्या पेन ड्राइव्हवर जाणार नाही, तिला ईएक्सटी४ किंवा एक्सफॅट हवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय ग्राफिक्स. खेळ चालतो पण गोगलगाईसारखा, अशी स्थिती असेल तर पहिलं काम एकच: सेटिंग्जमधून ऑन-स्क्रीन डिस्प्ले चालू करा. वेग, एफपीएस, सीपीयू, जीपीयू आणि हार्डवेअरची माहिती, सगळ्यांवर टिक. कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं नाव येईल. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसलं तर पुढे शोधायची गरज नाही. याचा अर्थ खरं कार्ड वापरातच नाही, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो आहे. टर्मिनलमध्ये ‘व्हल्कनइन्फो’ ही कमांड ‘समरी’ पर्यायासह चालवा. तिथेही खरं कार्ड नसेल तर व्हल्कनचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. एएमडी आणि इंटेलसाठी मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर-संचाचं व्हल्कन पॅकेज टाका, एनव्हिडियासाठी कंपनीचा ड्रायव्हर.

टर्मिनलमध्ये कार्ड दिसतं पण फ्लॅटपॅकमधल्या एम्युलेटरला दिसत नाही, असं झालं आणि कार्ड एनव्हिडियाचं असेल, तर दोष आवृत्तीच्या तफावतीचा आहे. फ्लॅटपॅक एनव्हिडिया ड्रायव्हरची स्वतःची प्रत बाळगतं आणि ती सिस्टिममधल्या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी आकड्यानिशी जुळावी लागते. सिस्टिम अपडेट झाली, फ्लॅटपॅक मागे राहिलं, की दुसऱ्या दिवशी खेळ रांगतो. ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. काल चालत होतं, आज नाही, मधे मी काहीच केलं नाही, असं ज्याच्या बाबतीत घडतं त्याने आधी इथे बघावं.

इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या, म्हणजे हॅसवेलच्या जुन्या लॅपटॉपवर मेसा स्वतःच टर्मिनलमध्ये इशारा देतं की व्हल्कनचा आधार अपुरा आहे. अशा मशीनवर रेंडरर ओपनजीएल (व्हल्कनच्या आधीची पद्धत) ठेवा. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपवर व्हल्कन निवडलं की ‘अ‍ॅडाप्टर’च्या यादीतून हवं ते कार्ड घेता येतं. ओपनजीएलमध्ये ती सोय नाही, तिथे मेसाच्या ड्रायव्हरवर ‘डीआरआय प्राइम’ हे व्हेरिएबल १ करून प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. वेलँड (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: अधिकृत पॅकेज मुद्दाम एक्सवेलँडमधून, म्हणजे जुन्या व्यवस्थेसाठीच्या पुलावरून चालतात, कारण थेट वेलँडवर खिडक्यांच्या इतक्या कटकटी निघाल्या की विकासकांनीच तो मार्ग बंद ठेवला. स्क्रीन सव्वापट किंवा दीडपट मोठी केली असेल आणि मेन्यू धूसर दिसत असतील तर त्याचं कारण हे. खेळाच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

कार्ड बरोबर दिसतंय तरीही वेग १०० टक्के भरत नाही? मग त्याच कोपऱ्यातले ईई, व्हीयू आणि जीएसचे आकडे वाचा. ईई म्हणजे मूळ मशीनचा २९४.९१२ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर, त्याची नक्कल तुमच्या सीपीयूच्या एका कोअरवर चालते. व्हीयू म्हणजे त्याच्या जोडीची गणित करणारी व्हेक्टर युनिट, जीएस म्हणजे चित्र रंगवणारा भाग. समजा वेग ७८, ईई ९९, जीपीयू ३० असं दिसतंय. इथे रेझोल्यूशन कमी करून काडीचाही फरक पडणार नाही, कोंडी एका कोअरची आहे. उलट ईई ५५ आणि जीपीयू ९८ असेल तर रेझोल्यूशन एक पायरी खाली आणा: तिप्पट म्हणजे साधारण १०८०, दुप्पट म्हणजे साधारण ७२०. सोळा कोअरचा प्रोसेसर आहे म्हणून खेळ पळेलच असं नाही ते याचसाठी. एका कोअरचा दम महत्त्वाचा. एसएसई४.१ हा आज्ञासंच नसलेल्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि एव्हीएक्स२ असलेला उत्तम.

कोअर कमी पडतोय असं दिसलं तर आधी पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर न्या आणि लॅपटॉप चार्जरला लावा. सुरुवातीची दहा मिनिटं १०० आणि मग ८० होत असेल तर सेटिंगचा प्रश्न नाही, मशीन तापून वेग उतरवतंय. ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान बघा आणि पंखा साफ करा. तीन किंवा जास्त कोअर असतील तर एमटीव्हीयू चालू असल्याची खात्री करा. त्यामुळे व्हेक्टर युनिटचं काम वेगळ्या थ्रेडवर जातं. ईई सायकल रेटला (नक्कल केलेल्या मुख्य प्रोसेसरचा वेग) शेवटी हात लावा, तोही त्या एका खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये, सगळ्यांसाठी नाही.

भारतात विकल्या गेलेल्या डिस्कबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण परदेशी मार्गदर्शनात हे सापडत नाही. आपल्याकडच्या डिस्क पाल या टीव्ही पद्धतीच्या. ‘क्रिकेट ०७’ असो की २००९ मधला हैदराबादेत घडलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’, पाल खेळ सेकंदाला ५० वेळा चित्र बदलतो आणि आपला मॉनिटर ६० वेळा. ५० चित्रं ६० खणांत भरायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. बॉलरचा रनअप किंवा आडवा सरकणारा कॅमेरा बारीक हिसके देत पुढे जातो. ऑन-स्क्रीनवर वेग मात्र ठणठणीत १०० टक्के. इथे बिघाड काहीच नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये तो सापडणारही नाही. उपाय तीन. खेळ सुरू होताना ५०/६० हर्ट्झ विचारत असेल तर ६० घ्या. बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर असेल आणि त्याचा पल्ला ४८ पासून सुरू होत असेल तर ५० त्यात बसतो. तेही नसेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८० ला ५० हर्ट्झ निवडा. आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झ मुकाट्याने घेतात आणि हिसके जागच्या जागी थांबतात.

चित्रात रेघा, काळे चौकोन, सरकलेल्या सावल्या दिसत असतील तर एफ९ दाबा. त्याने हार्डवेअर रेंडरर बंद होऊन सॉफ्टवेअर रेंडरर लागतो, म्हणजे चित्र कार्डाऐवजी प्रोसेसर मूळ आकारात रंगवतो. दोष गेला तर तो कार्डावर चित्र मोठं करण्यातून आला आहे. राहिला तर डिस्कची प्रत किंवा मूळ खेळच तसा. एवढ्या एका कळीने निम्मा शोध संपतो. दोष मोठं करण्याचा असेल तर रेझोल्यूशन मूळ एकपटीवर आणून खात्री करा. नॅमकोच्या टेकन, सोल कॅलिबर, एस कॉम्बॅट अशा खेळांत ठरावीक अंतरावर केसासारख्या उभ्या रेघा दिसतात, कारण त्यांत चित्र पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेलं असतं आणि मोठं करताना सांधे उघडे पडतात. ‘अलाइन स्प्राइट’ त्याच्यासाठीच आहे.

पण सावध. हे उपाय दिसावेत म्हणून ‘मॅन्युअल हार्डवेअर रेंडरर फिक्सेस’वर टिक करावी लागते आणि ती टिक करताच एम्युलेटर त्याच्या यादीतले आपोआप लागणारे हार्डवेअर उपाय बंद करतो. ही यादी वर्षानुवर्षं खेळागणिक तपासून तयार झालेली आहे. एका खेळातली रेघ घालवायला सगळ्यांसाठी टिक केली की दुसरे दहा खेळ बिघडतात आणि दोष ‘नव्या आवृत्ती’च्या नावावर जातो. जे करायचं ते खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये करा. टिक करताच हा इशारा ठळकपणे समोर यायला हवा होता, ही माझी एम्युलेटरबद्दलची खरी तक्रार.

कंट्रोलर. केबल लावली, ‘ईव्हीटेस्ट’मध्ये बटणं उमटतात, पण एम्युलेटरला काही दिसत नाही, तर परवानगीचा प्रश्न आहे. युजरला ‘इनपुट’ ग्रुपमध्ये टाका हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चालतो, पण त्यामुळे तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम कीबोर्डही वाचू शकतो. त्यापेक्षा ‘स्टीम-डिव्हायसेस’ हे पॅकेज टाका, त्यात कंट्रोलरचे युडेव्ह नियम (कुठलं उपकरण कोणाला वापरता येईल ते ठरवणारे) तयार मिळतात. मग केबल काढून पुन्हा लावा. एक बटण दाबलं की दोनदा उमटत असेल तर मागे स्टीम चालू आहे. स्टीम इनपुट खऱ्या कंट्रोलरसोबत एक आभासी कंट्रोलर उभा करतं आणि एम्युलेटर दोघांचं ऐकतो. स्टीम बंद करा किंवा बटणांची जुळणी (मॅपिंग) एकाच उपकरणाची ठेवा. मूळ ड्युअलशॉक २ ची बटणं दाबाचा जोर ओळखायची. मेटल गिअर सॉलिडच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागात बंदूक न झाडता खाली घ्यायला ते लागतं. आजच्या कंट्रोलरवर त्यासाठी ‘प्रेशर मॉडिफायर’ एखाद्या मोकळ्या कळीवर बांधून ठेवा.

आवाज तडतडतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा वेग १०० च्या खाली असतो, तो सुधारला की आवाज सुधारतो. वेग पूर्ण असूनही तडतड असेल तर ऑडिओ बफर १०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवा.

रास्पबेरी पाय घेऊन त्यावर हे चालवू पाहणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. अधिकृत पीसीएसएक्स२ फक्त एक्स८६ चौसष्ट बिटच्या प्रोसेसरसाठी आहे.

आणि अपडेट करण्यापूर्वी खेळात जाऊन मेमरी कार्डावर सेव्ह करा. एफ१ ने घेतलेली सेव्ह स्टेट म्हणजे एम्युलेटरच्या त्या क्षणीच्या मेमरीची प्रत असते आणि आतली रचना बदललेल्या आवृत्तीत ती उघडत नाही. मेमरी कार्डाची फाइल, पहिल्या कार्डाची ‘एमसीडी००१’, मूळ ८ एमबीच्या कार्डासारखीच असते आणि आवृत्ती बदलली तरी टिकते. सेव्ह स्टेटच्या भरवशावर चाळीस तासांचा खेळ ओढत आणला असेल आणि अपडेट होऊन गेलं असेल, तर जुन्या आवृत्तीची अ‍ॅपइमेज उतरवा, सेव्ह स्टेट तिच्यात उघडा, खेळातल्या सेव्हच्या जागेपर्यंत चालत जा, कार्डावर सेव्ह करा आणि मग नवी आवृत्ती उघडा.